एका वायरीला दोन कान

"ॲप असताना गाइड कशाला?" हे वाक्य धाकू परबांनी आठवडाभरात इतक्या जणांना आणि इतक्या ठसक्यात ऐकवलं होतं, की शनिवारी सकाळी राजवाड्याच्या फाटकाशी उभं राहिल्यावर त्यांना माघार घ्यायला जागाच उरली नव्हती. बायकोला ऐकवलं होतं, मुलीला ऐकवलं होतं, नाहूरच्या त्यांच्या सोसायटीतल्या लिफ्टमध्ये एका अनोळखी पार्सलवाल्यालाही ऐकवलं होतं. आता शेजारी साक्षात मथुराबाई उभ्या होत्या आणि ॲप म्हणत होतं, 'कृपया थांबा.'

मथुराबाई म्हणजे कृणालची आई. आणि कृणाल म्हणजे ज्याच्याशी लग्न करायचं असं परबांच्या जान्हवीने घरात कळवून टाकलं होतं तो मुलगा. विचारलं नव्हतं, कळवलं होतं. वेसाव्याच्या कोळीवाड्यात मथुराबाईंचा मासळीचा मोठा व्यापार. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने तो वाढवला होता, आणि अर्ध्या अंधेरीतली हॉटेलं त्यांच्या टेम्पोची वाट बघत. "मला मुलगी पसंत हाय," त्यांनी मुलाला सांगितलं होतं, "पन माणसं बघू दे. मगच हो म्हनीन." माणसं म्हणजे परब. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी तरी बघायला येणार, ही कल्पनाच धाकूंच्या घशात काट्यासारखी अडकली होती.

भेट कुठे घ्यायची यावरच आठवडा गेला होता. घरी बोलवावं तर सोसायटीभर बातमी. हॉटेलात टेबलाशी समोरासमोर बसावं तर बोलायचं काय? तोडगा काढला समोरच्या ब्लॉकमधल्या शरच्चंद्र साठमने. हा धाकूंचा जुना मित्र. न विचारता सल्ला देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, आणि विचारल्यावर तर तो थांबतच नाही.

"म्युझियम!" शरच्चंद्र म्हणाला. "अंधेरीला टेकडीवर त्या संस्थानिकाचा राजवाडा आहे बघ, तिथे चित्रं लावलीयत. झकास जागा. बोलणं खुंटलं की चित्राकडे बघायचं. भांडण होतंय असं वाटलं की पुढच्या खोलीत जायचं. आणि गाइड घेऊ नकोस. गाइड घेतला की आपण अडाणी ठरतो. त्यांचं ॲप आहे. तू पुढे, ॲप खिशात, ती लोकं मागे. इम्प्रेशन!"

ॲप फोनमध्ये मावेना. जागा करण्यासाठी धाकूंनी लोकांनी पाठवलेली उगवत्या सूर्याची चित्रं पुसली, मग भाच्याच्या मुंजीतल्या जेवणावळीचा व्हिडिओ पुसला, आणि शेवटी चुकून बायकोच्या, वनमालाबाईंच्या, गुडघ्याचे एक्सरे पुसले. हे त्यांनी घरात अजून सांगितलेलं नव्हतं. जान्हवी म्हणाली, "बाबा, माझ्या फोनवर घेते ना मी." धाकू म्हणाले, "काही गरज नाही." त्यावर तिने जे म्हटलं ते मात्र त्यांच्या मनात रुतून बसलं. "ठीक आहे. पण बाबा, प्लीज. उद्या काही बोलू नका. म्हणजे बोला, पण... बोलू नका."

तर आता फाटक. तिकीट खिडकीतला माणूस म्हणाला, तिकीट ॲपवर काढा. ॲप म्हणालं, तिकीट खिडकीवर मिळेल. धाकूंनी फोनची काच खिडकीच्या काचेला लावून दोघांची समोरासमोर गाठ घालून दिली, तेव्हा खिडकीतल्या माणसाने सुस्कारा टाकून तिकिटं फाडली. तोवर मथुराबाई उन्हात उभ्या. गडद हिरवी साडी, जाड काचांचा चष्मा, हातात घट्ट धरलेली पर्स, आणि तोंडातून एक शब्द नाही. त्या नुसत्या बघत होत्या. धाकूंच्या पाठीला ते बघणं उन्हापेक्षा जास्त लागत होतं.

दारावर दोन पाट्या होत्या. एक जुनी, पितळी: 'आत मोबाईल नेण्यास सक्त मनाई आहे.' दुसरी नवी, रंगीत: 'आमचे ॲप वापरून राजवाडा अनुभवा.' दोन्ही पाट्यांच्या मध्ये एक गार्ड स्टुलावर बसला होता.

"मोबाईल बाहेर ठेवा," गार्ड म्हणाला.

"मग ॲप?"

"ॲप आत न्या."

धाकूंच्या अंगातला हेडक्लार्क जागा झाला. त्यांनी शांतपणे, नियमाला धरून, विचारलं की मोबाईलशिवाय ॲप कशात न्यायचं, ओंजळीत? गार्डने बराच विचार केला. "ॲप चालू असलं तर तो गाइड," तो म्हणाला. "गाइडला परवानगी आहे. पण वाजला तर तो मोबाईल. मग जप्त. आणि आवाज बाहेर नाही आला पाहिजे. कानात घालून ऐका."

कानात घालायचं धाकूंकडे होतं ते वायरीचं. दोन टोकं, दोन कान. जान्हवी-कृणालकडे बिनवायरीचं, आपापलं. ती दोघं 'आम्ही वरून सुरुवात करतो' म्हणत जिन्यावरून दिसेनाशीसुद्धा झाली. वनमालाबाईंनी जिन्याच्या पायऱ्यांकडे नजर टाकली, आपल्या गुडघ्यांकडे नजर टाकली आणि खालच्याच बाकावर बसल्या. "तुम्ही दोघांनी जावा," त्या म्हणाल्या. "एक टोक त्यांका द्या. मी हय आसय."

नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि हो म्हणायला धीर नव्हता. शेवटी एक टोक धाकूंच्या उजव्या कानात गेलं, दुसरं मथुराबाईंच्या डाव्या कानात. फोन धाकूंच्या शर्टाच्या खिशात. वायर आखूड. आयुष्यात पहिल्यांदाच भेटलेली दोन मोठी माणसं, एकमेकांपासून हातभर अंतरावर, बैलजोडीसारखी राजवाड्यात शिरली.

चालताना अंदाज चुकत होता. मथुराबाईंची चाल बाजारातली, लांब टांगांची. धाकूंची कचेरीतली, टेबलांमधून जाणारी. त्या पुढे गेल्या की धाकूंचा कान ओढला जाई. ते थांबले की त्यांचा. "सॉरी," धाकू म्हणत.  कानात एक गोड बाई बोलत होती: "आता आपण डावीकडे वळावे." डावीकडे भिंत होती.

ॲप भलत्याच खोलीतलं सांगतं आहे, हे धाकूंच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. हत्यारांच्या दालनात ते एका गंजलेल्या तोफेसमोर उभे होते आणि गोड बाई सांगत होती, "राजकन्येच्या या बाललीला पाहून कोणाचे मन हरखणार नाही?" मथुराबाईंनी तोफेकडे पाहिलं. मग धाकूंकडे पाहिलं. धाकूंनी गंभीरपणे मान हलवली, जणू तोफेतली बाललीला त्यांना पूर्वीपासून माहीत होती. माहीत नाही हे कबूल करायची वेळ टळावी म्हणून माणूस काय काय करतो! कपाळावरचा घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला, वायर अडकली, पुन्हा कान ओढला गेला, पुन्हा सॉरी.

पुढच्या दालनात चित्रच नव्हतं. भिंतभर मोठा जुना आरसा होता, सोनेरी चौकटीचा. दोघं त्याच्यासमोर उभे राहिले, मधून वायर लोंबत होती. गोड बाई म्हणाली, "या जोडचित्रातील डावीकडील आकृती पाहा. मुद्रेवर अधिकाराचा आव आहे, परंतु नजरेत भय आहे. खांदे किंचित खचलेले. चित्रकाराने ढासळत्या सत्तेचे दर्शन येथे मोठ्या कौशल्याने घडवले आहे."

आरशात डावीकडे धाकू परब होते.

मथुराबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. आधी धाकूंना वाटलं ठसका आहे. मग कळलं की बाई हसतायत. चष्मा काढून, पदराने डोळे पुसत हसतायत. "बरोबर सांगते हो ही," त्या म्हणाल्या. "आनि उजवीकडची?"

"उजवीकडील आकृती," कानातली बाई पुढे म्हणाली, "मौन बाळगून आहे. परंतु निर्णय तिच्याच हाती आहे."

आता दोघंही हसले.  वाईट नाही, धाकूंना वाटलं. बाई वाईट नाही. चालता चालता मथुराबाईंनी आपणहून विचारलं, जान्हवीला लहानपणी दूध चालत होतं का, कृणालला नव्हतं चालत. धाकूंनी सांगितलं. बोलणं अगदी घरच्यासारखं सुरू झालं. चालही जमायला लागली. जिना चढून वरच्या मजल्यावरच्या राणीच्या शयनगृहात ते दोघं एका पावलाने शिरले.

मोठी खोली, समुद्राच्या दिशेला उघडी खिडकी, मधोमध चांदीच्या पायांचा पलंग. त्यावर जरीची चादर, भोवती लाल दोरी. दोरीवर पाटी: 'स्पर्श करू नये. गजर होईल.' जाड दगडी भिंतींमुळे इतका वेळ फोनला रेंज नव्हती. खिडकीपाशी ती आली. धाकूंच्या खिशात फोन थरथरला, आणि गोड बाईचं वाक्य तुटून कानात घंटी वाजू लागली.

वाजला तर तो मोबाईल. मग जप्त. गार्डचे शब्द धाकूंना आठवले आणि त्यांनी घाईघाईने वायरीवरचं बटण दाबलं, बंद करायला. त्या बटणाने फोन उचलला जातो.

"काय रे धाकू!" दोन कानांत एकदमच शरच्चंद्र साठम बोलू लागला. त्याचा आवाज मुळातच मोठा. "आली काय ती कोळीण? कशी काय आहे? बोलते काय माणसासारखी, की बाजारातलंच?"

 धाकूंनी पुन्हा बटण दाबलं. काही झालं नाही. मथुराबाईंनी कानातलं टोक काढलं नाही. त्या पलंगाकडे बघत उभ्या राहिल्या, अगदी मघाशी फाटकाशी उभ्या होत्या तशा.

"तरी तू परवा बरोबर बोललास," शरच्चंद्र चालूच. "मी बायकोलाही सांगितलं. आपण खाणारे, ती विकणारी. खाणाऱ्याने विकणाऱ्याच्या घरात मुलगी द्यायची म्हणजे पायरी उतरायची. काय पण बोललास! पण आता पोरगीच ऐकत नाही म्हटल्यावर... हॅलो? धाकू?"

"कोळीन आलीय," मथुराबाई वायरीवरच्या बटणाजवळ तोंड नेऊन शांतपणे म्हणाल्या. "ऐकतेय. बोला."

 मग शरच्चंद्र एकदम ओरडू लागला, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही! रेंज नाही वाटतं!" पण फोन ठेवायचं धैर्यही त्याला होईना.

मथुराबाई धाकूंकडे वळल्या. इतक्या जवळून, कारण वायर आखूड होती. "खानारे आनि इकनारे," त्या म्हणाल्या. "हे त्याचं, का तुमचं?"

इथे धाकूंना सरळ सांगता आलं असतं की त्याचं. शरच्चंद्र दूर होता, आणि तसाही तो काहीबाही बोलण्यासाठी प्रसिद्ध होता. खरं सांगायलाही हरकत नव्हती. पण कचेरीत घालवलेलं सगळं आयुष्य नेमकं अशा वेळी तोंडाशी येतं. "तसं... शब्दशः नाही," धाकू म्हणाले. "म्हणजे त्याचा संदर्भ जरा वेगळा होता."

"संदर्भ," मथुराबाई म्हणाल्या, आणि चालू पडल्या.

त्या चालल्या त्यांच्या त्या लांब टांगांनी. टोक कानातच होतं. वायर ताणली, धाकूंच्या खिशातून फोन उडी मारून बाहेर आला, हवेत गिरकी घेऊन लाल दोरीच्या पलीकडे गेला आणि राणीसाहेबांच्या जरीच्या चादरीवर जाऊन पडला. वायर निघाली. आणि वायर निघाली की त्या फोनला मोठ्याने बोलायची खोड होती.

"धाकू!" पलंगावरून शरच्चंद्र ओरडला. सगळं शयनगृह घुमलं. "ती बाजूलाच आहे काय रे? वाट लागली! तू बोललास ते मी सांगितलं असं सांगू नकोस हां! हॅलो!"

त्याच क्षणी बाहेरच्या दालनातून जान्हवीचा आवाज आला. "बाबा? इथे आहात का?" पावलं जवळ येत होती. कृणालचीही. आणखी दोन वाक्यं, आणि खाणारे-विकणारे तिच्या कानावर जाणार. उद्या काही बोलू नका, म्हणाली होती ती.

धाकू परबांनी आयुष्यात कधी रांग मोडली नव्हती. त्यांनी लाल दोरी ओलांडली. निदान ओलांडायला पाय उचलला. पाय अडकला आणि हेडक्लार्क, निवृत्त, पालथे राणीसाहेबांच्या पलंगावर पडले. फोन पोटाखाली. त्यासरशी सगळ्या राजवाड्यात असा भोंगा वाजू लागला, की शरच्चंद्रच काय, भिंतीवरचे राजेही बोलायला लागले असते तरी ऐकू आलं नसतं. त्या भोंग्याखाली धाकूंनी चाचपडत फोन बंद केला. त्यांना इतका गोड आवाज सबंध दिवसात ऐकू आला नव्हता.

मग सगळे आले. गार्ड आला, दुसरा गार्ड आला, जान्हवी, कृणाल, गुडघे विसरून जिना चढलेल्या वनमालाबाई. "अगो बाय माझ्या! तुमी थंय काय करतास?" कुणी मोबाईलने फोटोही काढला, तो नक्कीच गाइड नव्हता. धाकूंना उठता येईना, कारण चादर गुळगुळीत होती. शेवटी एका हाताने त्यांचं मनगट पकडलं आणि बर्फाच्या पेटीतून सुरमई काढावी तसं त्यांना एका हिसक्यात बाहेर काढलं. हात मथुराबाईंचा होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

अधीक्षकांच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं गेलं. अधीक्षक मवाळ माणूस होता, त्याला कटकट नको होती. "हे बघा काका," तो म्हणाला, "मुद्दाम दोरी ओलांडली असेल तर मला पोलिसांना कळवावं लागतं. पण वय झालंय, ऊन आहे, चक्कर आली असेल. चक्कर आली असेल तर विषयच संपला. आली ना चक्कर?"

"चक्करच!" वनमालाबाई म्हणाल्या. "त्यांका बीपी आसा."

"बाबा, हो म्हणा ना," जान्हवी कुजबुजली. ती पांढरी पडली होती.

एक शब्द. हो म्हटलं की घरी. पण मथुराबाई खिडकीशी उभ्या राहून धाकूंकडे बघत होत्या, आणि धाकूंना कळलं की त्या आत्ता माणसं बघतायत. सकाळपासून चाललं होतं ते नुसतं थांबणं होतं, बघणं हे. त्यांना हेही कळलं की बाईंनी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाहीत. नुसत्या 'नाही' म्हणतील, घरी जाऊन, आणि जान्हवीला कारणसुद्धा कळणार नाही.

"चक्कर नाही आली," धाकू म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "फोन पलंगावर पडला होता. त्यावर माझा मित्र बोलत होता. मीच त्याच्याजवळ काहीतरी बोललो होतो, या बाईंबद्दल. त्यांच्या धंद्याबद्दल. हलकं बोललो होतो. ते माझ्या मुलीने ऐकू नये म्हणून गेलो." ते मथुराबाईंकडे वळले. "त्याचं नव्हतं ते. माझंच होतं. शब्दशः."

अधीक्षकाने पेन खाली ठेवलं. असल्या गुन्ह्याला कुठलं कलम लावायचं ते त्याला माहीत नव्हतं. कृणाल आईकडे बघत होता. जान्हवीने वडिलांकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. तिचं ते मान फिरवणं धाकूंना पलंगावर पडण्यापेक्षा जास्त लागलं. 

मथुराबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग पुढे येऊन अधीक्षकाच्या टेबलावर हात टेकला.

"चक्करच हाय ती," त्या म्हणाल्या. "अजून उतरली नाय. बघा ना, कसं बोलतायत."

अधीक्षकाने त्यांच्याकडे पाहिलं, धाकूंकडे पाहिलं, आणि देवाने बुद्धी दिल्यासारखी मान डोलावली. विषय संपला.

सगळे फाटकाबाहेर आले. जान्हवी वीस पावलं पुढे चालत होती, पाठ ताठ. वनमालाबाई नवऱ्याला हळूच विचारत होत्या, काय बोललात, कधी बोललात, आणि काय दुर्बुद्धी झाली.  रिक्षा मिळत नव्हती. तेवढ्यात खिशातला फोन वाजू लागला. शरच्चंद्र.

धाकू फोनकडे बघत राहिले. मथुराबाईंनी तळहात पुढे केला. नाही म्हणायची हिंमत धाकूंना आता कुठून होणार? त्यांनी फोन दिला.

"हॅलो," मथुराबाई म्हणाल्या. "हां, तीच. नाय, रेंज हाय आता, चांगली हाय. तुमचा आवाज येतोय, तुम्ही काय काळजी करू नका. ऐका. तारीख ठरली की आवतन घेऊन मी स्वतः येनार तुमच्या घरी, नाहूरला. बायकोला सांगून ठेवा. पान वाढायलाही मीच असनार, म्हंजे तुम्हाला उपाशी उठता यायचं नाय."

पुढे चालणारी जान्हवी थांबली. वळली. "तारीख?" ती म्हणाली. कृणालने "आये!" म्हणून हाक मारली. वनमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. मथुराबाईंनी फोन धाकूंच्या हातात परत ठेवला आणि येणाऱ्या रिक्षाला असा हात केला, की ती थांबण्यावाचून काही करूच शकली नसती.

धाकूंनी फोन कानाला लावला. 

"धाकू," शरच्चंद्र अगदी बारीक आवाजात म्हणाला, "कोण होती रे ती?"

जान्हवी बापाकडे बघत होती. अजून हसली नव्हती, पण बघत होती. 

"विहीणबाई होत्या," धाकू म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.